दोन चॅसी क्रमांकांची एक गाडी

इंजिन, प्रवासी आणि सामान यांची तीन दालने बाहेरूनही वेगळी ओळखू येतात अशा बंद मोटारीला सेडान म्हणतात, आणि इंजिनाची ताकद दोन चाकांऐवजी चारही चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला फोर-व्हील ड्राइव्ह. पहिलीचा थाट आणि दुसरीचा दमखम एकाच वाहनात आणावा, म्हणजे मर्सिडीजसारख्या गाडीची बॉडी उचलून ती एखाद्या पिकअप ट्रकच्या चौकटीवर बसवावी, ही कल्पना बंगळुरूत सुचावी यात नवल नाही. शहरात अशा गाड्या बाळगणारा वर्ग आहे; जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून आहेत, शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकच नग हवा असला तरी तो घडवून देणाऱ्या कार्यशाळा आहेत; आणि सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर सकलेशपूर आणि कोडगूचे कॉफीचे मळे आहेत, जिथे ऐन पावसाळ्यात फाटकापासून बंगल्यापर्यंतची चिखलाची वाट सेडानला झेपत नाही.

अशा बांधणीचा विचार सहसा उंचीपासून सुरू होतो: चाके किती मोठी लावायची, गाडी किती वर उचलायची. आराखड्यातला खरा पहिला प्रश्न मात्र वजन कोण पेलणार हा असतो आणि शेवटचा प्रश्न या गाडीचा चॅसी क्रमांक कोणता हा असतो. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि ते एकच का आहेत हे समजण्यासाठी मोटारीच्या बांधणीचा थोडा इतिहास पाहणे भाग आहे.

चॅसी म्हणजे गाडीचा भार पेलणारा सांगाडा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महागड्या मोटारीचा कारखाना बहुधा एवढाच सांगाडा, इंजिन आणि चाकांसह, विकत असे. त्यावरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसराच कारागीर बांधत असे, आणि या व्यवसायाला कोचबिल्डिंग म्हणत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जी मेबॅक गाडी बाहेर पडते, ती ज्या कंपनीची, त्या जर्मन कंपनीचा शिरस्ता हाच होता; तिने चॅसी घडवायची आणि श्पोनसारख्या बांधणी-कारखान्यांनी त्यावर बॉडी चढवायची. कोट्याचे महाराव उमेदसिंह यांनी १९२५ साली मागवलेल्या रोल्स-रॉइस न्यू फँटमवर लंडनच्या बार्कर कंपनीने शिकारीसाठी खास बॉडी बांधून दिली होती. त्या काळात आलिशान बॉडी आणि दणकट चौकट यांची सांगड ही हौस नव्हती, तीच रूढ पद्धत होती, कारण दोन्ही वस्तू जन्मतःच वेगळ्या होत्या आणि बोल्टने जोडल्या जात होत्या.

या पद्धतीला छेद देणारी गाडी म्हणून १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डाचे नाव घेतले जाते, आणि १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँने ती नवी रचना मोठ्या प्रमाणावर रुळवली. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. तिच्यात वेगळी चौकट नसते. जमिनीचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे, छताला उचलून धरणारे खांब, इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पेटीसारख्या तुळया आणि खुद्द छप्पर हे सगळे वेल्डिंगने एकसंध होऊन भार वाटून घेतात. भारतीय रस्त्यांवर ज्या अ‍ॅम्बेसेडरला लोक ट्रकसारखी मजबूत म्हणत, तीही मोनोकॉकच होती, ही गोष्ट अनेकांना आजही खरी वाटत नाही. रोल्स-रॉइसने १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आणून वेगळ्या चौकटीचा त्याग केला; अमेरिकेत लिंकन टाउन कारसारख्या मोठ्या सेडान चौकटीवरच बनत राहिल्या, पण ती मालिकाही २०११ मध्ये संपली. आज दालनात उभी असलेली कोणतीही आलिशान सेडान घेतली, तरी तिच्या बॉडीखालून चौकट काढता येत नाही, कारण बॉडी हीच तिची चौकट असते.

ट्रक आणि पिकअप यांनी मात्र जुनी वाट सोडली नाही. दोन लांब समांतर तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी रचना असल्यामुळे त्यांच्या चौकटीला लॅडर फ्रेम म्हणतात. एकाच चौकटीवर आज हौदा, उद्या बंद बॉडी, परवा आठ जणांची मोटार असे काहीही बसवता येते, हा तिचा मोठा फायदा, आणि भारतीय मोटार-उद्योगाने तो पुरेपूर वसूल केला आहे. पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हा पिकअप आणला आणि त्याच घराण्यातून १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी काढली. यांतली इस्टेट या प्रकरणाच्या विषयाच्या सर्वांत जवळची. लांबट, रुबाबदार, मागे सामानाची प्रशस्त जागा असलेली ही गाडी पाहून अनेकांना त्या काळच्या मर्सिडीज स्टेशन वॅगनची आठवण होई, आणि खाली पाहिले तर मूळ पिकअपचे होते. पुढे तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, पिंपरीच्या टेल्कोच्या आवारातच डब्ल्यू१२४ या नावाने ओळखली जाणारी खरी मर्सिडीज ई-क्लास जोडली जाऊ लागली, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे.

बंगळुरूजवळचे उदाहरण आणखी बोलके आहे. म्हैसूर रस्त्यावर बिदडी येथे टोयोटा आणि किर्लोस्कर समूह यांचा संयुक्त कारखाना आहे. हा समूह म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव नांगर आणि पंपांपासून परिचित आहे. येथून २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा, २००९ मध्ये फॉर्च्युनर आणि २०२२ मध्ये हायलक्स हा पिकअप बाजारात आला. यांपैकी इनोव्हा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या टोयोटाच्या आयएमव्ही नावाच्या एकाच लॅडर-फ्रेम कुटुंबातल्या. फॉर्च्युनरला जो मान मिळतो, पुढाऱ्यांच्या ताफ्यात तिला जे स्थान आहे, तो सगळा डामडौल एका पिकअपच्या चौकटीवर उभा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याच आवारात कॅमरी ही मोनोकॉक आलिशान सेडानही जोडली जाते. २०२२ च्या अखेरीस आलेली इनोव्हा हायक्रॉस मात्र लॅडर फ्रेम सोडून मोनोकॉककडे गेली, म्हणजे खुद्द कारखाना ज्या दिशेने निघाला आहे तिच्या उलट दिशेने हा आराखडा जाऊ पाहतो.

कारखान्यांनी सेडान आणि चिखल यांची गाठ घालण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतले दोन परस्परविरुद्ध आहेत. सोव्हिएत रशियात १९५५ ते १९५८ या काळात गॅझ एम-७२ नावाची गाडी बनली; पोबेदा या मोनोकॉक सेडानला गॅझ-६९ या लष्करी जीपची यंत्रणा देण्यात आली होती आणि एकूण ४,६७७ गाड्या तयार झाल्या. तिच्या अभियंत्यांनी सेडानला जीपच्या चौकटीवर ठेवले नाही. त्यांनी बॉडीतच जागोजागी मजबुती भरली आणि आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तिलाच टांगला. दुसरे टोक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या गाडीचे. बाहेरून कॅडिलॅक दिसणारी ही चिलखती लिमोझिन जनरल मोटर्सच्या मध्यम ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असल्याचे जाणकार मानतात; तिथे सेडानचा केवळ चेहरा आहे, सेडानची बॉडी नाही. पहिल्या मार्गात सेडान टिकते आणि ट्रक विरघळतो, दुसऱ्यात उलट. गॅरेजमधला आराखडा मात्र दोन्ही जसेच्या तसे ठेवू पाहतो, आणि त्याच्या बहुतेक अडचणी या हट्टातून जन्मतात.

आता प्रत्यक्ष जोडी निवडायची. येथे पहिले माप व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराचे, कारण सेडानच्या बॉडीला चाकांसाठीच्या कमानी आधीच कापलेल्या असतात आणि चौकटीवरची चाके नेमकी त्या कमानींत यायला हवीत. कॅमरीची २०१९ मध्ये भारतात आलेली पिढी आणि फॉर्च्युनर ही घरचीच जोडी पाहिली, तर कॅमरीचा व्हीलबेस २,८२५ मिलिमीटर आणि फॉर्च्युनरचा २,७४५. फरक ८० मिलिमीटरांचा. कागदावर तो क्षुल्लक वाटतो, पण मागचे चाक कमानीच्या मध्यापासून चार बोटे पुढे सरकलेले दिसले की गाडी कोणालाही बिघडलेली वाटते, आणि सस्पेन्शन दबले की तेच चाक कमानीच्या पत्र्याला घासते. याउलट मर्सिडीजची जी लांब ई-क्लास २०१७ पासून भारतात मिळू लागली आणि चाकणला जोडली गेली, तिचा व्हीलबेस ३,०७९ मिलिमीटर आहे आणि हायलक्सचा ३,०८५. फरक फक्त ६ मिलिमीटर. रुंदीतही दोघी जवळजवळ सारख्या. एक जर्मन कारखान्याने बड्या साहेबाला मागच्या आसनावर पाय पसरता यावेत म्हणून लांबवलेली गाडी, दुसरी हौद्यात सामान मावावे म्हणून लांब ठेवलेली. दोघींची मापे इतकी जुळावीत हा निव्वळ योग आहे, पण आराखडा करणाऱ्याला तो आयताच मिळतो.

व्हीलबेसपेक्षाही महत्त्वाचे एक माप सहसा कोणी काढत नाही, ते पुढच्या चाकाच्या केंद्रापासून फायरवॉलपर्यंतचे, फायरवॉल म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली पत्र्याची भिंत. कॅमरीचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, त्यामुळे तिचे नाक आखूड ठेवता येते आणि चाक दाराच्या जवळ येते. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि त्याच्याही मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या आसांत वाटून देणारी व लो-रेंज गिअर पुरवणारी पेटी. ही सगळी मिरवणूक कॅमरीच्या आखूड नाकाखाली मावत नाही. चाके कमानीत आणली तर इंजिन फायरवॉल फोडून चालकाच्या पायांशी येते. ई-क्लासचे इंजिनही उभेच असल्यामुळे तिचे नाक लांब आहे आणि तिच्या जमिनीत मधोमध गिअरबॉक्स व शाफ्टसाठी बोगदा आहे. तरीही तो बोगदा ट्रान्सफर केसच्या मापाने केलेला नाही, आणि पुढच्या आसाकडे जाणारा दुसरा शाफ्ट एका अंगाने जातो, म्हणून त्या बाजूचा पत्रा कापून वाढवावाच लागतो. मर्सिडीज निवडण्यामागे मान-मरातब हे कारण असू शकते. अभियंत्याच्या दृष्टीने मात्र तिचे उभे इंजिन हेच तिच्या निवडीचे समर्थन.

बॉडी चौकटीवर ठेवायची कशी, हा बांधणीचा गाभा आहे. लॅडर फ्रेमला मूळ केबिन थेट वेल्ड केलेली नसते. तुळयांवरून बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर रबराचे जाड बुश बसवून त्यांतून बोल्टने ती धरलेली असते. खडबडीत जमिनीवर एका कोपऱ्याचे चाक वर गेले आणि विरुद्ध कोपऱ्याचे खाली, तर चौकटीला पीळ पडतो, आणि तो पीळ रबरात जिरावा, केबिनपर्यंत पोहोचू नये, अशी ही व्यवस्था आहे. मोनोकॉकचा स्वभाव याच्या नेमका उलट. तिला पीळ अजिबात सहन होत नाही. ती कडक असते म्हणूनच तिची दारे वर्षानुवर्षे एका बोटाने मिटतात. ही कडक बॉडी पिळणाऱ्या चौकटीवर घट्ट आवळली, तर दोघींपैकी जी अधिक कडक, म्हणजे बॉडीच, ती सगळा पीळ आपल्या अंगावर ओढून घेते, आणि मग पुढच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक तडा, मागचे दार मिटताना लागणारी अढी, छताच्या सांध्यातला रंग फुटणे अशी लक्षणे दिसू लागतात. चूक चौकटीच्या दुबळेपणाची नसते. दोन भिन्न स्वभावांना एकाच बोल्टने बांधल्याची असते.

यावरचा उपाय एका ब्रॅकेटकडे जवळून पाहिले की कळतो. ई-क्लासच्या जमिनीचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्याही आतला असतो. त्यात भोक पाडून बोल्ट टाकला, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात बोल्टचे डोके पत्र्यातून आरपार जाईल. म्हणून बॉडीच्या मूळ सस्पेन्शनचे आधार जिथे होते, म्हणजे पुढची-मागची सबफ्रेम जिथे बोल्टने लागत असे, तिथेच नवे ब्रॅकेट नेऊन भिडवावे लागतात, कारण गाडीचे वजन पेलण्यासाठी कारखान्याने मजबुती तिथेच भरलेली असते. मधल्या भागात दारांखालच्या उंबऱ्यांच्या आतून लांब तुळई घालून तिला बाहेर पाय काढतात आणि ते पाय चौकटीच्या बुशवर टेकवतात. प्रत्येक बुशची खाली-वर होण्याची मर्यादा, बोल्टची जाडी, बुश झिजला तर तो बदलायला पान्याला जागा, हे कागदावर आधी यावे लागते. बॉडी एकदा चढल्यावर वरच्या बोल्टपर्यंत हात पोहोचत नाही. वेल्डिंगचा प्रश्न याहून नाजूक. आजच्या सेडानच्या खांबांत गरम साच्यात घडवून कडक केलेले पोलाद असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमके हेच कडकपण नाहीसे होते. ई-क्लासच्या सांगाड्यात अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भागही आहेत, जे पोलादाला नेहमीच्या वेल्डिंगने जोडताच येत नाहीत. डेंटिंग-पेंटिंगमध्ये हयात घालवलेला मेस्त्रीही येथे केवळ हाताच्या सरावावर विसंबू शकत नाही.

उंचीचा हिशेब याच टप्प्यावर करावा. गाडीचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते त्याला गुरुत्वमध्य म्हणतात, आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला ट्रॅक. ट्रॅकला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की जो आकडा येतो तो गाडी कलंडण्याला किती विरोध करील हे ढोबळमानाने सांगतो. सेडानमध्ये हा आकडा १.४ च्या आसपास असतो. समजा, इंजिन आणि आसांसह तयार चौकट १,३०० किलोची असून तिचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आहे. काचा, दारे, आसने यांसह बॉडी ८०० किलोची असून तिचा गुरुत्वमध्य मूळ गाडीत ७५ सेंटिमीटरवर होता आणि चौकटीवर चढल्याने तो ३० सेंटिमीटरने वर गेला. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य ७७ सेंटिमीटरवर येतो, आणि ट्रॅक १.५५ मीटर धरला तर वरचा आकडा १ पर्यंत खाली उतरतो. म्हणजे सपाट रस्त्यावर जे वळण सेडान घसरत का होईना पण चारही चाकांवर पार करते, तेच वळण या गाडीला आतली चाके उचलायला लावू शकते. टपावर सामानाचे कॅरिअर आणि दिव्यांची रांग लावण्याचा मोह होतो, तो हा हिशेब मांडून झाल्यावर सहसा ओसरतो.

चाकांचा व्यास बदलला की आणखी दोन गोष्टी बदलतात. हायलक्सच्या २६५/६५ आर१७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो आणि ई-क्लासच्या २२५/५५ आर१७ चा सुमारे ६७९, म्हणजे एका फेऱ्यात मोठे चाक १४ टक्के अधिक अंतर कापते. सेडानचा स्पीडोमीटर तिच्या मूळ चाकांच्या हिशेबाने ठेवला, तर काटा ७० दाखवील तेव्हा गाडी ८० च्या वेगाने धावत असेल. दुसरी गोष्ट मागच्या स्प्रिंगची. हायलक्सला मागे पाटे आहेत, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे, आणि ते हौद्यातला माल गृहीत धरून ठरवलेले असतात. मागच्या आसनावर दोनच माणसे बसली तर ते दबतही नाहीत, प्रत्येक गतिरोधक कमरेला कळतो, आणि ज्या आरामासाठी सेडान घ्यायची तोच हातातून जातो. फॉर्च्युनरची मागची कॉइल स्प्रिंगची मांडणी याच कुटुंबातली असल्याने ती उचलून हायलक्सच्या चौकटीत बसवणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग, आणि त्याचे ब्रॅकेट बॉडी चढवण्याआधी लावून रिकामी चौकट चालवून पाहणे ही त्यापुढची पायरी.

बॉडी कुठून आणायची, याचे एक उत्तर बंगळुरूने सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतःच पुरवले होते. त्या पावसात येमलूर आणि बेळ्ळंदूर भागांतल्या श्रीमंत वसाहतींत पाणी शिरून अनेक महागड्या गाड्या बुडाल्या. अशी पाण्यात गेलेली गाडी विमा कंपनी अनेकदा पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा लिलावात स्वस्तात जातो. पत्रा शाबूत, आत वायरींचे जाळे मेलेले. चौकटीवर चढवण्यासाठी हा व्यवहार किफायतशीर वाटतो, पण आलिशान सेडानचे आलिशानपण बव्हंशी त्या वायरींतच असते. तिचे वातानुकूलन, आसनांच्या मोटारी, दारांची कुलुपे, पडदे आणि दिवे आपापल्या छोट्या संगणकांवर चालतात आणि हे संगणक कॅन-बस नावाच्या एका सामाईक तारेवरून एकमेकांशी सतत बोलत असतात. इंजिन टोयोटाचे बसले की मर्सिडीजच्या संगणकांना आपल्या इंजिनाकडून येणारे निरोप मिळेनासे होतात, चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा किल्ली ओळखत नाही आणि पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागते. दोन भाषांमध्ये दुभाष्याचे काम करणारा संगणक लिहून घेता येतो. बंगळुरूत त्यासाठी माणसे शोधत फिरावे लागत नाही. एअरबॅगचे मात्र तसे नाही. कोणत्या धक्क्याला ती फुगायची हे कारखाना खऱ्या गाड्या भिंतीवर आदळून ठरवतो, आणि पिकअपची चौकट धडक ज्या प्रकारे मागे पोहोचवते तो प्रकार सेडानच्या संवेदकांना अनोळखी असतो. उशिरा फुगलेली किंवा नाहक फुगलेली एअरबॅग नसल्यापेक्षा वाईट, म्हणून ती जिवंत ठेवायची की काढून टाकायची, याचे समाधानकारक उत्तर एकाच गाडीच्या बांधणीत मिळू शकत नाही.

हे सगळे साधले असे धरले, तरी चॅसी क्रमांकाचा प्रश्न उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम १२२ नुसार प्रत्येक गाडीवर चॅसी क्रमांक ठोकलेला असावा लागतो. लॅडर-फ्रेमच्या गाडीत तो चौकटीच्या तुळईवर असतो, मोनोकॉकमध्ये वेगळी तुळई नसल्यामुळे बॉडीवरच. म्हणून हायलक्सवर चढलेल्या ई-क्लासमध्ये दोन क्रमांक येतात, एक वर, एक खाली, आणि दोन वेगवेगळ्या नोंदणी प्रमाणपत्रांत, म्हणजे बोलीतल्या आरसी बुकात, लिहिलेले. जी वस्तू भार पेलते तिच्यावर ओळख ठोकायची, हा कायद्याचा साधा तर्क. त्यानुसार ही गाडी हायलक्स ठरते. मर्सिडीजची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ खाली रद्द करून घ्यावी लागते, आणि हायलक्सच्या प्रमाणपत्रावर पिकअप लिहिलेले असताना रस्त्यावर सेडान दिसते.

येथे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी प्रमाणपत्रातील नोंदी विसंगत होतील असा फेरबदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. इंधनाचा प्रकार बदलणारे मान्यताप्राप्त किट यांसारखे मोजके अपवाद त्यात आहेत. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आणि मूळ रचनेपासून दूर नेणाऱ्या फेरबदलांना वाव नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुनी गाडी घेऊन ही वाट चुकवता येईल असे वाटते, तर पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये केलेले व्हिंटेज नोंदणीचे नियमही चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट घालतात.

याच शहरात चौकटीवर बॉडी बांधण्याचा धंदा मात्र राजरोस चालतो, हे पाहिले की कायद्याचा रोख नेमका कळतो. ‘प्रकाश’ आणि ‘आझाद’ यांसारख्या बंगळुरूच्या बस-बांधणी कारखान्यांनी दक्षिणेतल्या कितीतरी आरामबस रिकाम्या चॅसीवर उभ्या केल्या आहेत. तिथे चॅसी मुळातच बॉडीविना विकलेली असते, बॉडीची रचना एआयएस-०५२ या बस-बांधणी संहितेप्रमाणे तपासली जाते आणि नोंदणी बॉडी चढल्यानंतरच होते. हायलक्स रिकामी चौकट म्हणून विकली जात नाही. ती नोंदली जाते तेव्हाच पूर्ण गाडी असते. नवा उत्पादक म्हणून पुढे यायचे, तर नियम १२६ खाली नमुना-गाडी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेकडे न्यावी लागते आणि बीएस-६ उत्सर्जनापासून ब्रेकपर्यंतच्या चाचण्या पार कराव्या लागतात. हजारो गाड्यांवर वाटला जाणारा हा खर्च एका हौशी गाडीवर पडला, तर ई-क्लासची किंमत त्यापुढे किरकोळ ठरावी. विम्याचेही तसेच, न कळवलेला फेरबदल हे दावा नाकारण्याचे सर्वांत सोपे कारण असते.

राहता राहिला वाव सार्वजनिक रस्त्याबाहेरचा. खासगी मळ्याची हद्द, प्रदर्शनाचे मैदान, किंवा गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांचे बंदिस्त मार्ग येथे अशा गाडीला स्थान मिळू शकते, आणि तिथे पोहोचेपर्यंत ती सपाट हौद्याच्या ट्रकवर लादून न्यावी लागते. आराखडा या मर्यादेत केला, तर त्याच्या अनेक गाठी आपोआप सैल होतात: वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत राहणार असेल तर कलंडण्याचा आकडा तितका छळत नाही, एअरबॅग आणि त्यांचे संवेदक काढून छताखाली पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवता येतो, आणि हाच पिंजरा खाली चौकटीच्या ब्रॅकेटपर्यंत नेला की कापलेल्या जमिनीची मजबुतीही भरून निघते. मग मर्सिडीजचा पत्रा भार पेलण्याच्या कामातून मोकळा होतो, तिची दारे आणि आसने तेवढी वापरात राहतात, आणि बांधणीचा क्रमही ठरून जातो: आधी हायलक्सची केबिन आणि हौदा उतरवून चौकट धुऊन तपासायची, मागची कॉइल स्प्रिंग बसवून ती मैदानात चालवायची, त्यानंतर पिंजरा, आणि बॉडी सगळ्यात शेवटी. अनेक हौशी बांधण्या याच्या उलट क्रमाने सुरू होतात, कारण फोटो बॉडीचा काढायचा असतो.